कतल्याचं खवलं

गिरजा वकिलाच्या ओसरीशी येऊन उभी राहिली तेव्हा मी आभाराच्या कार्डांवर पत्ते लिहीत होतो. गुणवंतराव वकील निवडून आले होते. आमच्या पक्षाच्या होडीने सरकारी पक्षाच्या बैलजोडीला चांगलं दोन हजारांनी पाणी पाजलं होतं, आणि चांद्यात ज्याने ज्याने वकिलांच्या गळ्यात हार घातला त्याला वकिलांच्या सहीचं कार्ड जायला हवं होतं. मी त्यांचा कारकून. सहीसुद्धा मीच ठोकत होतो, इतकी हुबेहूब की पुढेपुढे त्यांनाच स्वतःची सही माझ्यासारखी जमेना. सकाळचे दहा वाजले असतील. जटपुरा दरवाज्याकडून टांगे खडखडत येत होते. "मास्तर," असं कोणीतरी म्हणालं. चांद्यात मला मास्तर म्हणणारं कोणी नाही. मी मान वर केली, आणि मला आधी तिचा चेहरा दिसला नाही, मनगट दिसलं. उजवं. सुजून टरटरलेलं, हळद-चुन्याचा लेप दिलेला आणि वरून पळसाच्या पानाने बांधलेलं. मग डोळा दिसला. त्याच्याखाली गालाच्या हाडापर्यंत काळंनिळं उतरलं होतं. आमडीच्या टोल्यावरून, नदीकाठच्या त्या ढीवर कोळ्यांच्या वस्तीवरून, गोंडपिपरीपर्यंत पायी, तिथून मोटारीने चांद्यापर्यंत, ते मनगट पोटाशी धरून ती आली होती.

"कोणं मारलं?" मी विचारलं.

"कोण मारते बाईले? नवऱ्यानं मारलं."

"इस्तारीनं? काऊन?"

"तुमाले नाई ठाऊक?" ती म्हणाली. लेखणीतून शाईचा थेंब कार्डावर पडला आणि कोणा सज्जनाचा पत्ता बुडाला. तिने नुसतं विचारलं होतं, टोमणा मारला नव्हता. "बैलाच्या पेटीत खवलं सापडलं म्हंते. आमच्याच घरच्या माशाचं. कतल्याचं. माहा भाऊ बिरजू बैलवाल्यायचे कागद चिकटवत फिरे ना, म्हून मीच टाकलं म्हंते."

मी तिला आत ये म्हणालो नाही. वकिलांच्या ओसरीवर ढीवराच्या बाईला कुठपर्यंत येता येतं, हे ती जाणून होती आणि मीही. मी पाणी आणवलं, तर तिने मान हलवली. ती म्हणाली की सोमवारी पंच बसणार आहेत. टोल्याचा लटारू पाटील म्हणालाय, घरातून कोण ते ठरलं की त्या एकाला जातीबाहेर काढायचं, बाकीच्यांना आत घ्यायचं. "तुमी या मास्तर. खवल्याची गोष्ट तुमीच काढली होती. जाळ्यावर हात ठेवून सांगा का गिरजा तसली नाई. तुमचं ऐकतीन ते." एवढं बोलून ती पायरी सोडून रस्त्याच्या कडेला सावलीत जाऊन बसली. मी पुढचं कार्ड घेतलं. माणूस किती निर्लज्ज असतो बघा, मी त्या कार्डावरचा पत्ता अगदी सुवाच्य लिहिला.

कारण ते खवलं माझं होतं.

एकदा हे सांगून टाकलं म्हणजे मोकळा होईन असं वाटायचं, पण तसं होत नाही. सांगितल्यावर तर उलट सगळं सांगावं लागतं. खवल्याची युक्ती माझीच. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चित्र. हातात कोरा कागद घ्यायचा, पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीच्या फटीत तो सोडायचा. आत कोणी बघत नाही. आणि ह्या 'कोणी बघत नाही' याचीच गुणवंतरावांना भारी धास्ती. "तुझ्या आमडीचा भरवसा काय, मनसाराम? पडद्याआड गेल्यावर माणूस कोणाचा नसतो," असं ते दहादा म्हणाले. माझ्या आमडीचा! मला ते लागलं. नाल्यापलीकडच्या त्या एकट्या टोल्यासाठी वेगळं मतदान केंद्र दिलेलं होतं, मी पूर्वी शिकवायचो त्याच एकखोली शाळेत. एकशे चार मतं. टोल्याचं तळं ठेकेदाराकडून काढून ढीवरांना देतो, असं वकिलांनी वचन दिलं होतं. ते तळं मिळालं तर टोला जगणार होता, नाहीतर पोरं बल्लारशाच्या लाकूड डेपोत ओझी उचलायला जाणार होती. लटारू पाटलाने सगळ्यांना जाळ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तेवढ्यानेही वकिलांचं समाधान होईना, म्हणून मी बोलून गेलो: प्रत्येकाने कागदाच्या घडीत आपल्या घरच्या माशाचं एक खवलं ठेवून टाकायचं. मोजणीच्या वेळी पेटी उघडली की कागदागणिक खवलं निघेल. ढीवर माणूस शपथ एक वेळ मोडेल, पण स्वतःच्या जाळ्यात आलेल्या माशाचं खवलं खोट्या जागी टाकणार नाही. वकील खूश. लटारू खूश. मी तर काय, हवेतच होतो.

मतदानाच्या दिवशी सगळ्या घरांनी आदल्या दिवशीच्या रोहूची बारकी खवलं घेतली. इस्तारीला मात्र त्याच पहाटे कतला लागला होता, बारा शेराचा, आणि त्याच्या घरची खवलं रुपयाएवढी मोठी. गिरजाने ती धुतली, लुगड्याला पुसली आणि शाळेच्या अंगणात वाटली. एक इस्तारीला, एक तिचा म्हातारा सासरा दसरू याला, एक स्वतःला, आणि चौथं तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरलं. "घ्या मास्तर. तुमी आमच्याच घरचे." यादीत माझं नाव अजून तिथेच होतं, इस्तारीच्या पडवीच्या पत्त्यावर. आमडीत पाच वर्षं मास्तरकी करून चांद्यात राहायला येऊन मला चार वर्षं झाली होती, पण ते बदलून घ्यायचं मी टाळत होतो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कुठेतरी एका घरचा आहे, असं कागदावर असावं, एवढंच असेल.

नऊ वर्षांपूर्वी मी नदीपलीकडचा होतो. वर्धेच्या पलीकडे तेव्हा निजामी मुलूख. आमचं गाव काठावरच, आमडीच्या घाटासमोर. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, वय चोवीस, घरात मी आणि माझी आई, सुगंधाबाई. दम्याने बेजार. श्रावणात एका दुपारी आवई उठली की राजुऱ्याकडून रझाकारांची टोळी निघाली आहे, वाटेतली गावं जाळीत येते आहे. सगळं गाव नदीकडे पळालं. नदी दोन्ही काठ भरून. इस्तारी अलीकडून डोंगा घेऊन खेपा मारत होता, ओळख ना पाळख, कोणी सांगितलंही नव्हतं त्याला. गिरजा त्याच्याबरोबर डोंग्यातलं पाणी टिनाने उपसत होती. लग्न नवंच झालेलं होतं तिचं. शेवटच्या खेपेत एकाची जागा उरली. आई माझ्या मागे होती, वीस पावलांवर, वाळूत बसकण मारून धापा टाकत. मी डोंग्यात चढलो. ह्या प्रसंगाबद्दल मी नऊ वर्षं सगळ्यांना एकच सांगत आलो: आई म्हणाली, जा बाबा, तू जा, माझं काय राहिलंय. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही येतं. खरं असं की आई म्हणत होती, "थांब रे, थांब रे मनश्या," आणि दम्यामुळे ते फार मोठ्याने निघत नव्हतं. डोंग्यात मागच्या टोकाला बसलेल्या दोघांनाच ते ऐकू येण्यासारखं होतं. त्यातला एक मी होतो, दुसरी गिरजा.

बरं, एवढ्यावरही भागत नाही. त्या दिवशी टोळी आलीच नाही. आवईच होती ती. आली ती आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत इस्तारी मला दोनदा म्हणाला, "चला मास्तर, मायले घेऊन येऊ, मी हाव न." मी म्हणालो, नदी उतरू दे. नदी उतरत होती, मी रोज काठावर जाऊन बघत होतो, आणि रोज मला ती तेवढीच दिसत होती. गिरजा भाकऱ्या थापत हे ऐकायची. एक शब्द बोलली नाही. आठव्या दिवशी पलीकडे धूर दिसला. पुढे फौजा गेल्या, निजाम संपला, मी पलीकडे जाऊन आलो; घराच्या जागी कोळसे होते आणि आई कोणालाच सापडली नाही. तेव्हापासून मी सरहद्दीवर बोलायला लागलो. कोणी विचारो न विचारो. देशाला सीमा धड नसली की काय होतं ते मला विचारा, असं म्हणायचो. माझ्या आईला सरहद्दीने खाल्लं. हे वाक्य मला फार आवडायचं. त्यात मी कुठेच नव्हतो.

आता गंमत बघा. मतदानाआधी, जानेवारीत वकिलांच्या ओसरीवरच्या रेडिओत काश्मीर, काश्मीर चालू झालं. पलीकडे परदेशी तोफा उतरताहेत, रणगाडे उतरताहेत अशा बातम्या. मी पत्रं लिहिता लिहिता ऐकायचो आणि अर्धं पत्र टाकून रेडिओपाशी जाऊन उभा राहायचो. आणि त्याच आठवड्यात वकिलांना गोंडपिपरीच्या सभेसाठी भाषण लिहून द्यायचं होतं. मीच दिलं. "सरहद्द, सरहद्द म्हणून हे तुम्हाला भिववतात! अरे, कोणी पाहिली सरहद्द? फौजेवरचा पैसा निम्मा करा, त्यात ह्या जिल्ह्यातली यच्चयावत तळी बांधून होतील!" वाक्य झकास होतं. लिहिताना मला त्याचा ठेका आवडला होता, बाकी काही मनात नव्हतं. बाजाराच्या पटांगणात वकिलांनी ते हात उंचावून फेकलं तेव्हा पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, लटारूने वाजवल्या, इस्तारीने हसत हसत वाजवल्या, ज्याने सरहद्द आपल्या वल्ह्याने ओलांडली होती त्याने. मीही वाजवल्या. आणि टाळ्या वाजवतानाच मला वाटलं, हे लोक आईला दुसऱ्यांदा वाळूत बसवून चाललेत. हा विचार किती नाटकी आहे ते मला तेव्हाही कळत होतं. पण तो आला तो आलाच, आणि परतीच्या मोटारीत माझ्याशेजारी बसून चांद्यापर्यंत आला.

सरकारी पक्षावर माझं काडीचं प्रेम नव्हतं. त्यांचा तो ठेकेदार, त्यांचे ते खादीतले सावकार, त्यांनीच तळं अडवून धरलं होतं, हे मी स्वतः पत्रकात लिहिलं होतं. पण ती माणसं फौज निम्मी करा म्हणत नव्हती. घर गळकं असलं तरी चालेल, दाराला कडी हवी, असं काहीतरी माझ्या डोक्यात घोळायचं. कोणाला सांगणार? वकिलांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, मनसाराम, तू भाषणं लिही, विचार करायला मी आहे. इस्तारीला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मास्तर, मंग आमचं तळं?

शाळेच्या खोलीत खाट उभी करून तिच्यावर घोंगडं टाकलं होतं. तो पडदा. त्याच्यामागे माझंच जुनं टेबल, आणि टेबलावर दोन पेट्या. डावीकडे होडी, उजवीकडे बैलजोडी. रांगेत माझ्यापुढे गिरजा होती. ती आत गेली आणि पेटीला नमस्कार करून बाहेर आली, पदर सावरत. मी सगळ्यांच्या देखत कागदाची घडी घातली, तिच्यात खवलं ठेवलं, म्हणजे बाकीच्यांना नीट समजावं. आत गेलो. खिडकीतून नदी दिसत होती. फाल्गुनातली वर्धा, निम्मी वाळू. पलीकडचा काठ इतका जवळ दिसत होता की वाळूत बसलेलं माणूस दिसावं. कोणी बसलेलं नव्हतं. घोंगड्याला शेळीचा वास येत होता. मी होडीच्या पेटीपाशी हात नेला, आणि मला वाटलं, एकदा तरी. एकदा तरी मी मागे वळून बघायला हवं. हात उजवीकडे गेला, घडी फटीतून आत पडली आणि टप्प असा बारीक आवाज झाला. मी बाहेर येऊन इस्तारीच्या पाठीवर थाप मारली. मला फार बरं वाटत होतं, एखादं जुनं देणं फिटल्यासारखं. खरं तर मी कोणाचंच काही फेडलं नव्हतं. कोणी बघत नसताना शूर होणं मला जमतं, एवढंच त्या दिवशी सिद्ध झालं. खवलं कागदातच राहिलं, हे मला परतीच्या बैलगाडीत आठवलं. धुतलेल्या हाताला माशाचा वास येत होता.

मोजणी चांद्याला झाली. आमडीच्या पेट्या फोडल्या तेव्हा मी वकिलांचा प्रतिनिधी म्हणून टेबलाशीच उभा होतो. होडीच्या पेटीतून कागद निघाले आणि खवल्यांचा ढीग. मोजणारा कारकून ब्राह्मण होता, त्याने नाकाला उपरणं लावलं. एकशे तीन कागद. मग बैलजोडीची पेटी उलटी केली. एक कागद. तो त्याने दोन बोटांनी उलगडला आणि त्यातून ते रुपयाएवढं खवलं टेबलावर पडून घरंगळलं, आणि बरोबर माझ्यासमोर येऊन थांबलं. बैलवाल्यांचा माणूस खो खो हसला. गुणवंतरावही हसले, दोन हजारांनी निवडून येणाऱ्याला एका मताचं काय? त्यांनी ते खवलं उचलून पाकिटात घातलं. "आठवण," म्हणाले. त्या क्षणी बोललो असतो तरी चाललं असतं. वकिलांनी दोन शिव्या दिल्या असत्या, मी दुसरीकडे नोकरी धरली असती, संपलं असतं. संध्याकाळी लटारू पाटील हार घेऊन आला, तेव्हा वकिलांनी थट्टेत ते पाकीट त्याच्या हाती दिलं. "पाटील, तुमच्या टोल्यातला एक मासा दुसऱ्याच्या गळाला लागला बरं का!" त्यांना वाटलं तो हसेल. लटारूने खवलं बाहेर काढलं, अंगठ्याच्या नखावर ठेवून पाहिलं आणि पागोट्यात खोचलं. तो हसला नाही. मी मागे उभा राहून हारांची यादी करत होतो.

एवढं मोठं खवलं टोल्यात एकाच घरचं. दसरू तर डोळ्यांनी पार आंधळा; त्याचा हात धरून मत टाकायला लावणाऱ्या साहेबाने होडीच्या पेटीचं नाव मोठ्याने घेतलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. इस्तारीने सभेत वकिलांना खांद्यावर घेतलं होतं. मास्तर तर काय, ज्याने ही युक्ती काढली तो! उरली गिरजा, जिचं माहेर नदीपलीकडे, जिचा भाऊ बैलाचे कागद चिकटवतो. हिशेब इतका सरळ होता की मी स्वतः पंच असतो तर असाच केला असता.

सोमवारी मी गेलो. का गेलो? दोन दिवस गिरजा चांद्यात कोणा नात्यातल्या बाईकडे राहिली आणि दोन्ही दिवस सकाळी येऊन रस्त्यापलीकडे सावलीत बसली. काही मागितलं नाही, बोलली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर मी तिला हाकललं असतं. ती नुसती बसली म्हणून मला जावं लागलं. गोंडपिपरीपासून आम्ही पायी निघालो. मी पुढे, ती मागे दहा पावलं. मोहाच्या झाडाखाली पहिली फुलं पडायला लागली होती. वाटेत मी मनाशी वाक्य जुळवत होतो, आणि सवयच वाईट, त्याचाही ठेका बघत होतो. एकदा थांबून मी म्हटलं, "हात दुखते का?" ती म्हणाली, "चाला तुमी." तेवढ्यात मला वाटून गेलं की तिला सगळं ठाऊक आहे. मग वाटलं, ठाऊक असतं तर ती मला जाळ्यावर हात ठेवायला कशाला बोलावती? दोन्ही विचार आळीपाळीने चालत राहिले.

घाटावरच्या चिंचेखाली पंच बसले होते. मध्ये जाळं पसरलेलं, त्याच्यावर ते खवलं. वाळून कडेने वळलेलं. इस्तारी एका बाजूला उकिडवा बसला होता. त्याने माझ्याकडे बघून हात जोडले, गिरजाकडे बघितलं नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं सोललेली होती. लटारू म्हणाला, "या मास्तर. बसा. तुमीच सांगा आता, ह्या बाईचं का कराचं."

मी बसलो नाही. वाकून जाळ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "गिरजाचा काही दोष नाई. खवलं माझं आहे. बैलाच्या पेटीत कागद मी टाकला."

वाटेत जुळवलेलं वाक्य ते नव्हतंच. मग झिंगू म्हणून एक म्हातारा पंच होता तो हसायला लागला, दात नसलेलं हसू. "वा गा मास्तर! तुमी काऊन टाकाल? तुमीच त भासण लिवलं!"

"टाकला मी. देशाच्या सीमेसाठी टाकला. तुमाले नाई समजणार."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं, पण बोललो. मला दिसलं की लटारूच्या चेहऱ्यावर काहीतरी सावकाश उलगडत चाललंय. रागही नव्हता त्यात. त्याने गिरजाच्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर," तो म्हणाला, "पाच वर्सं तुमी इस्तारीच्या पडवीत झोपले. इस्तारी जाळं घेऊन नदीवर जाये. खरं ना?"

"खरं. पण—"

"आता ही बाई दोन दिवस चांद्याले राह्यली. तुमच्याच संगं चालत आली. अन् आज तुमी तिचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यले. पराया माणूस पराया बाईसाठी काऊन घेते?"

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते आठवत नाही; पेटी कुठे होती, घोंगडं कसं होतं, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितका त्यांचा संशय रंगत गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि भोवतालची माणसं ते एखाद्या चोराचं बोलणं ऐकावं तसं, मान हलवत, जवळजवळ मायेने ऐकत होती. इस्तारी उठला. मला वाटलं तो मला मारेल, आणि मला ते हवंही होतं. पण तो मला मारायला उठला नव्हता. जाळ्यावरचं खवलं उचलून त्याने नदीच्या दिशेने फेकलं आणि तो म्हणाला, "मी तुमाले डोंग्यात घेतलं होतं न गा." एवढंच बोलून तो टोल्याकडे चालता झाला. त्याची पाठ मी पुष्कळ पाहिलेली आहे, वल्हं मारतानाची. ती मला चालताना ओळखू आली नाही.

निकाल व्हायला फार वेळ लागला नाही. घर शुद्ध, बाई बाहेर. टोल्यातलं पाणी, विस्तव, सावली तिला नाही. लटारूने मला उद्देशून म्हटलं, "घेऊन जा मास्तर. तुमचीच हाय त." मग पंच उठले, जाळं गोळा केलं गेलं, आणि कोणीतरी तळ्याचा कागद कधी येणार असं मला विचारलं. विचारणाऱ्याच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. मी म्हणालो, येईल, पुढच्या महिन्यात.

गिरजा घाटाच्या खालच्या दगडावर बसली होती. मी जवळ गेलो. म्हणालो, "चल. चांद्यात काहीतरी पाहू तुझं." तिने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, सुजलेला हात पोटाशी धरला आणि पाण्यात पाय घातला. पलीकडे तिचा भाऊ होता. पलीकडचा मुलूखही आता पलीकडचा राहिला नव्हता. नोव्हेंबरातच तो इकडे जोडला गेला होता, नकाशेसुद्धा नवे आले होते. चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि वळली.

"तुमीच टाकला न तो कागद?"

"हो. मीच. खरंच मी, गिरजा."

"ठाऊक होतं मले. तुमच्या पाठीमागूनच उचलला मी घोंगड्याचा कोपरा. हाक माराले आली होती, जेवाले चला म्हून." ती जराशी हसली, फुटलेल्या गालामुळे ते अर्धंच हसू झालं. "म्या कोणाले सांगतलं नाई. मले वाटलं, तुमीच सांगान, पहिल्या दिवशी. मंग वाटलं दुसऱ्या दिवशी. नदीच्या टायमाले पण असंच वाटलं होतं मले, आज जातीन, उद्या जातीन." मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "जाळ्यावर हात ठेवून गिरजा तसली नाई, एवढंच म्हणाचं होतं तुमाले. खरं कोणं मांगितलं होतं आता?"

ती पुन्हा वळली. मधल्या वाळूच्या पट्ट्यावर पोचली तेव्हा तिने न थांबता मोठ्याने सांगितलं, "पलीकडं तुमची माय कुठी भेटली त सांगीन तिले. पोरगं खरं बोलाले शिकलं म्हून."

मी तोंड उघडलं. थांब, असं म्हणायचं होतं; आवाज काही निघाला नाही. उन्हं कलत होती, घाटावर दोन बाया भांडी घासत होत्या आणि माझ्याकडे बघून एकमेकींना काहीतरी सांगत होत्या. इस्तारीचा डोंगा काठाला पालथा घातलेला होता. गिरजा पलीकडे पोचेपर्यंत मी उभा राहिलो. सबंध नदी ओलांडताना पाणी तिच्या गुडघ्याच्या वर आलं नाही.